अजून हाय का?

रखमाजी शिंगाडे ऐकायला बसायचे. शब्दशः बसायचे. चालता चालता किंवा मशीनकडे डोळा ठेवून त्यांनी कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. कुणी "मामा, जरा बोलायचं होतं" असं म्हटलं, की आधी डोक्यावरचं हेल्मेट उतरायचं. मग कानातले इअरप्लग निघून शर्टाच्या खिशात जायचे. मग दोन निळे प्लास्टिकचे क्रेट पालथे व्हायचे, एक समोरच्यासाठी, एक स्वतःसाठी. त्यावर बसून, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून ते म्हणायचे, "हां. फुरसतीत सांगा." भोवती ग्राइंडर बोंबलत असायचे, फोर्कलिफ्ट जात-येत असायची, आणि हा गृहस्थ कारखान्याच्या मधोमध असा बसलेला!

चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते फिनिशिंग सेक्शनचे इनचार्ज होते आणि मी नव्याने रुजू झालेली क्वालिटी मॅनेजर. हुद्द्याने मी मोठी, वयाने ते माझ्या वडिलांएवढे. सगळ्या कारखान्याचे ते मामा होते, तेव्हा माझेही मामाच झाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना गाठलं आणि सेक्शनमध्ये काय काय बदलायचं आहे याची यादी वाचून दाखवली. तीन मिनिटांत आटोपलं. मामांनी मान डोलावली नाही, 'बरोबर' म्हटलं नाही, नुसते बघत राहिले. मग विचारलं, "अजून हाय का?"

"नाही," मी म्हटलं. ते तरी बसूनच. सात-आठ सेकंद गेले असतील. गप्प बसायची सवय नसलेली मी एकदम बोलून गेले, "मागची नोकरी मी सोडली नाही मामा, मला सोडायला लावली. इथंही तसंच होईल अशी भीती वाटते." हे मी घरी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं! मामा म्हणाले, "व्हय. मग भ्या वाटनारच." बस्स, एवढंच. सल्ला नाही, धीर नाही, 'माझ्या मेहुण्याचं पण असंच झालं' नाही. पण त्या संध्याकाळी मी स्कूटीवरून गाणं गुणगुणत घरी गेले, हे मात्र खरं.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग कचेरीतली कारकुनी, मग मास्तरकी. बोलणं हाच पिढीजात व्यवसाय. त्यात मी शेंडेफळ. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात पकडून पूर्ण करून द्यायचं, ही मी माझी हुशारी समजत होते. आई म्हणायची, "मृणाल, तुला प्रश्न विचारायला आवडतो, उत्तराची तुला घाई असते." मला ते कौतुक वाटायचं!

त्यामुळे मामांच्या सेक्शनमधली एक रीत पाहून माझं डोकंच फिरलं. इतर सेक्शनमध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस रजिस्टरमध्ये चार ओळी खरडतो, येणारा त्यावर सही ठोकतो, काम संपलं. मामांच्या सेक्शनमध्ये चौतीस बाया होत्या. तिथे जाणारी बाई येणारीला समोर उभं करून सगळं तोंडी सांगायची. येणारी ते ऐकून आपल्या शब्दांत परत सांगायची. जाणारी "व्हय, आसंच" म्हणाली, की मगच तिने हातमोजे उतरवायचे. मी स्टॉपवॉच लावलं. रोज नऊ मिनिटं!

"मामा, नऊ मिनिटं वाया जातात," मी म्हटलं.

"जात्यात," मामा म्हणाले. "ती काढून टाका. मंग दिसभर 'कोनी केलं, कोनी केलं' इचारत फिरा. त्याला किती मिनिटं लागत्यात, ते बी त्या घड्याळात बघा."

मी बघितलं. शेजारच्या सेक्शनमध्ये बघितलं. आणि त्या नऊ मिनिटांचा विषय पुन्हा काढला नाही.

खरं तर मामांच्या सेक्शनचं सगळंच न्यारं होतं. दिवाळीची सुट्टी संपली की बाकी सेक्शनमधली निम्मी माणसं दुसऱ्या कंपनीत गेलेली असायची, मामांच्या बाया मात्र झाडून हजर. मेंटेनन्सचा एक फिटर होता, भडक डोक्याचा. कुणाशी धड बोलायचा नाही. तो एकदा पाना आपटत आला आणि मामांवर वीस मिनिटं ओरडला. मामा क्रेटवर बसून ऐकत होते. तो थांबला तसं त्यांनी विचारलं, "अजून हाय का?" तो पुन्हा ओरडला, पण आवाज उतरला होता. पुन्हा "अजून?" तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मामा, बाप दवाखान्यात हाये. दोन रात्री झोपलो नाय." मी पॅसेजमध्ये उभी राहून हे ऐकलं आणि अंगावर काटा आला. हा माणूस करतो तरी काय! काहीच तर करत नाही!

मग डागांचं प्रकरण आलं.

आम्ही पोलादी रिंगा बनवायचो, आरशासारख्या चकचकीत. फिनिशिंगच्या बाया त्यांची शेवटची तपासणी करायच्या. रिंगेच्या कडेला धातूची बारीकशी धार उरते, तिला आमच्याकडे 'बर' म्हणतात. ती राहिलेली रिंग बाजूला काढायची आणि उरलेल्या तेल लावून पॅक करायच्या. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक पुण्याकडचा. त्याच्याकडे पोचेपर्यंत आमच्या रिंगांवर तांबूस डाग उमटू लागले. गंजाचे, मसुरीच्या डाळीएवढे. एक खेप परत आली, दुसरी आली, तिसरीही आली. प्लांट हेड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं, "पुढच्या खेपेत एक जरी डाग निघाला, तर तपासणीचं काम बाहेर द्यायचं ठरलंय. फिनिशिंग सेक्शन बंद."

चौतीस बाया. सगळ्या कंत्राटी. बहुतेक जणी मुकुंदवाडीच्या, पायी येणाऱ्या. त्यांच्या डब्यांतल्या ठेच्याची चव मला पाठ झाली होती.

मी कंबर कसली. गंजरोधक तेल बदललं, पॅकिंगचा कागद बदलला, हवेतला दमटपणा मोजला, धुण्याचं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. भिंतभर कारणांचे तक्ते लावले. एकेका बाईला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "हातमोजे घालता ना?" "व्हय मॅडम." "कायम?" "व्हय मॅडम." खूण केली, पुढची बोलावली. दोन्ही पाळ्या मिळून चौतीस जणी सत्तर मिनिटांत! मी स्वतःवर खूश होते. लाइनवर अचानक जाऊन दुरूनच बघितलं, तर खरंच प्रत्येकीच्या हातात पांढरे मोजे. डाग मात्र येतच राहिले.

पुढची खेप जायला दहा दिवस उरले, तेव्हा मामा माझ्याकडे आले.

"मॅडम, डागाचं मला कळालंय."

मी खुर्चीतून उडालेच. "काय? कशामुळे? कोण?"

"ते मी सांगनार नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मी जे सुटले! चौतीस घरांचा प्रश्न आहे, तुम्ही इनचार्ज आहात, हा काय पोरखेळ आहे, असं बरंच काही. मामा बसले होते. मी दमले, तेव्हा ते म्हणाले, "मंदाबाई माझ्यापाशी बोलली. ते तिचं हाय, माझं नाय. मी ते तुमाला कसं देऊ? ती तुमाला सांगाया तयार हाय. भ्या एकच हाय तिला, तुमी तिला बोलू देनार नाय."

"मी? मी स्वतः प्रत्येकीशी बोलले!"

"व्हय," मामा म्हणाले. "तुमी बोलल्या."

मला इतका राग आला! राग यायचं कारण हे, की मला ते लगेच पटलं होतं.

मामांनी मग चक्क माझी तालीम घेतली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकल स्टँडमागे क्रेट मांडले आणि म्हणाले, "मी येक सांगतो, तुमी निस्तं ऐका." सोयगावाकडे त्यांच्या मेहुण्याच्या शेतात विहीर होती, तिचं पाणी आटलं होतं... "बोअर घ्यायचा ना मग!" मी म्हटलं. मामा एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मला मेव्हन्याचं लगीन सांगायचं व्हतं. तुमी हिरीतच उडी मारली!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम. मी जीभ दातांखाली धरूनच बसले. या खेपेला मामांनी वेगळीच गोष्ट काढली. ते तरुणपणी एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या विभागात, सुपरवायझर होते. गणपत नावाचा त्यांच्याच वाडीचा मित्र प्रेसवर काम करायचा. एक दिवस तो सांगायला आला, प्रेस एकदा दाबली की कधी कधी दोनदा खाली येतेय. "माल चढवायची घाई व्हती. मी म्हनलो, चल रे, नाटकं करू नगं. तो काहीतरी अजून सांगत व्हता. मी पाठ फिरवली." मामा थांबले. मला कितीतरी बोलायचं होतं. मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तीन बोटं गेली त्याची. उजव्या हाताची. दवाखान्यात मला म्हनला, रखमा, मी सांगत व्हतो ना रं."

मामांच्या घरी मेंढरं होती, वडील कळप घेऊन हिंडायचे, हे मला ठाऊक होतं. माळावरच्या शांततेत त्यांचा कान तयार झाला असणार, असा सुंदर सिद्धांत मी मनातल्या मनात रचून ठेवला होता. तो त्या दुपारी गळून पडला. या माणसाने ऐकणं कष्टाने कमावलं होतं. रोज, क्रेटवर बसून.

तिसऱ्या दिवशी तिथेच मंदाबाई आली. आमची सगळ्यात जुनी तपासनीस. वर्षातली उत्तम तपासनीस म्हणून तिला लागोपाठ दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं, कारण तिच्या हातून बर असलेली एकही रिंग सुटत नव्हती. एवढंच काय, मीच फलक लावला होता, 'मंदाबाईंकडून शिका!' माझा फोन मामांनी मागून घेतला, वहीही घेतली, आणि ते लांब जाऊन उभे राहिले.

मंदाबाईने सुनेपासून सुरुवात केली. मग भाजीतल्या अळ्या, मग सुईत दोरा ओवायला शेजारची पोर बोलवावी लागते ते. मला कळेना ही चालली आहे कुठे. चार वेळा माझ्या तोंडातून 'मुद्द्यावर या' निघता निघता राहिलं. मग तिच्या आधीच्या कंपनीतली एक मैत्रीण आली. तिथे डोळे तपासले होते, ती नापास झाली आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने तिला गेटवरूनच परत पाठवलं. इथे मंदाबाई थांबली. मीही थांबले. लिंबावर कावळा ओरडत होता.

तिने मग ओच्यातून हातमोजा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. उजव्या हाताचा. तर्जनीचं टोक कात्रीने गोल कापलेलं.

"मला जवळचं दिसत नाय मॅडम. दोन वर्सं झाली. मी बोटानं बघते. बर आसली की बोटाला लागती. मोज्यातून नाय कळत."

मला ओरडावंसं वाटलं! डाग नेहमी रिंगेच्या आतल्या कडेलाच का असतात, मसुरीएवढेच का असतात, माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उजळलं. बोटाचा घाम! उघड्या बोटाचा स्पर्श, त्यातला खार, त्यावरून तेल, आणि आठ दिवसांत गंज. पण एकटीच्या बोटाने एवढे डाग? मी विचारायच्या आतच, म्हणजे मी न विचारल्यामुळेच, ती पुढे बोलली.

"तुमी फळा लावला ना, मंदाबाईकडून शिका. मंग बाया माझ्याकडं शिकाया आल्या. मी काय सांगू? मला तर ह्येच येतं. मोजा कसा कापायचा ते दावलं. बऱ्याच जनींना दिसत नाय मॅडम. सांगनार कोन? माझं काम गेलं तर जाऊ द्या. बाकीच्यांचं नगा घालवू."

म्हणजे डाग पसरवणारा फलक माझ्याच हाताने लागला होता. मला रडू आलं, हसूही आलं, आणि धावत जाऊन साहेबांना सांगावंसं वाटलं. मी कशीबशी बसून राहिले आणि माझ्याच तोंडून मला मामांचे शब्द ऐकू आले, "अजून काही आहे, मंदाबाई?"

तिने पदराने नाक पुसलं. "हाय. पन हासू नगा. बोटाच्या जागी कापूस फिरवला तर? कापूस येचताना बोंडाच्या काट्याला तंतू आडकतो. बरीला बी आडकंल की."

हसते कसली! मी तिला मिठीच मारली. मुकुंदवाडीच्या मेडिकलमधून कापसाचे रोल आणले आणि त्याच दुपारी करून बघितलं. दीडशे रिंगांमध्ये आम्ही मुद्दाम बर असलेल्या वीस मिसळल्या होत्या. मंदाबाईने अख्खा मोजा घालून, कापूस फिरवून, वीसच्या वीस बाजूला काढल्या!

साहेबांपुढे जायचं तेवढं उरलं. मोजे कुणी कापले त्यांची नावं त्यांना हवी होती. ते टेबलावर हात आपटत होते. मी तोंड उघडणार, तोच मामांनी मला नजरेने थांबवलं. केबिनमध्ये क्रेट नव्हता, म्हणून ते खुर्चीच्या काठावर बसले, पंजे गुडघ्यांवर. साहेब बोलत राहिले. मामा दोनदाच बोलले आणि दोन्ही वेळा तेच तीन शब्द. दुसऱ्यांदा साहेब कपाळ चोळत म्हणाले, "शिंगाडे, मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो. मला तरी रोज इथे येऊन खरं कोण सांगतं?" मग मी मोजे कापण्यामागचं कारण सांगितलं, सगळं, माझ्या फलकासकट. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. नावं पुन्हा मागितली नाहीत.

तीन दिवसांत शहागंजातला एक चष्मेवाला भिंगांची पेटी घेऊन आमच्या कँटीनमध्ये बसला. चौतीसपैकी एकवीस जणींना जवळचा चष्मा लागला. काय जत्रा भरली होती त्या दिवशी! एकमेकींचे चष्मे लावून बघणं काय, नटणं काय. एक जण डब्यात बघून ओरडली, "आगं बाई, माझ्या पोळ्या येवढ्या करपत्यात व्हय!"

खेप गेली. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन आला. सगळा माल तपासला, एकही डाग नाही. मी केबिनमधून जी पळत सुटले, ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून थेट फिनिशिंगमध्ये. "मामा!" मी ओरडले.

मामांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. थांबा.

त्यांच्यासमोर मंदाबाई बसली होती, नवा चष्मा लावून. ती काहीतरी सांगत होती. मी तिथेच, धापा टाकत, पोटात एवढी मोठी बातमी घेऊन उभी राहिले. तिने उजव्या हाताचं बोट चष्म्यासमोर धरलं होतं.

"मामा, किती चिरा हायत बघा ह्या. बारीक बारीक. समदं बोट चिरलंय बरीनं. मिठात हात घातला की झोंबायचं, मला वाटायचं साबनाचं आसंल. दोन वर्सं मला दिसलंच नाय."

मी फोन खिशात टाकला, तिच्याजवळ खाली बसले आणि तो हात हातात घेतला. बोटाच्या टोकावर जाळी पडली होती. आम्ही दोन प्रशस्तिपत्रं दिली होती त्या बोटाला.

ती बोलून संपली. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी एवढंच म्हणू शकले, "पास झालं. सेक्शन राहतंय." मंदाबाईने किंकाळी फोडली. पुढच्या क्षणाला पाळीवरच्या सगळ्याच जणी ओरडत होत्या. कुणी क्रेट बडवत होतं, कुणी फुगडी धरली होती, भडक डोक्याचा तो फिटर शिट्ट्या मारत होता. त्या गोंधळात मामा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलताना मला दिसले, डोळे भरलेले दिसले. शब्द मात्र कानापर्यंत आले नाहीत. मी नुसतीच हसून मान हलवली.

मामा त्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. अधूनमधून फोन व्हायचा. त्या दिवशी काय म्हणाला होतात, हे प्रत्येक वेळी विचारायचं ठरवायचे आणि माझंच काहीतरी सांगत बसायचे. ते ऐकून घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, मामा गेले. आता ते वाक्य काय होतं, ते मला कधीच कळणार नाही.